नाद, बिंद आणि पारख : छत्तीसगढचा कबीरपंथ कसा फुटत गेला

कबीरपंथीयांच्या चौका-आरती या विधीला लागणारं सगळं सामान रायपूरच्या गोल बाजारात मिळतं. पांढरं कापड, नारळ, विड्याची पानं, सुपारी, लवंग, वेलची, बत्तासे, कापूर. हे सामान घेणारे दोन कबीरपंथी समोरासमोर आले, तर 'साहेब बंदगी' म्हणत एकमेकांपुढे वाकतील. पण त्यांतला एक दामाखेड्याच्या गादीचा आणि दुसरा खरसियाच्या गादीचा असेल, तर एकाच्या घरच्या चौक्यावर दुसऱ्याचा महंत बसणार नाही. बुऱ्हाणपूरच्या पारखी मताचा तिसरा कोणी तिथे असला, तर तो हे सामान घेणारच नाही. नारळ फोडल्यानं जीव काळाच्या तावडीतून सुटतो, हेच त्याला मान्य नाही. तिघांच्याही तोंडी नाव कबीरसाहेबांचंच.

या फुटींचं कारण विचारलं की सहसा एकच उत्तर पुढे येतं: गादी, जमीन आणि भक्तांनी वाहिलेला चढावा. उत्तर खोटं नाही. कबीरपंथाच्या इतिहासात वारसाहक्काचे दावे झाले, कोर्टाच्या पायऱ्या झिजल्या. तरीही हे उत्तर अपुरं आहे, आणि त्यानं पंथातल्या माणसांवर अन्याय होतो. ज्या मार्गात तारणारा शब्द गुप्त असतो, कानातच सांगायचा असतो, तिथे 'तो शब्द आज कोणाजवळ आहे' हा प्रश्न मालमत्तेचा राहत नाही. तोच सिद्धांताचा गाभा होतो. चुकीच्या हातून सुटकेचा परवाना घेतला, तर घेणाऱ्याचा जन्म वाया जातो, अशी ज्याची श्रद्धा आहे त्याला वारसाचा वाद क्षुल्लक कसा वाटेल? छत्तीसगढच्या कबीरपंथातल्या फुटी मी या बाजूनं वाचतो.

मराठी वाचकाची अडचण अशी, की त्याच्या ओळखीचा कबीर वेगळा आहे. तो एक तर कुमार गंधर्वांनी देवासला बसून गायलेल्या निर्गुणी भजनांतला, नाहीतर जोतीराव फुले आणि बाबासाहेब आंबेडकरांच्या वाटेवरचा. फुल्यांच्या मित्रमंडळींनी कबीरांच्या 'बीजक' या ग्रंथातलं 'विप्रमतीसी' हे प्रकरण वाचलं होतं. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते, आणि बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना आपले गुरू म्हटलं. हा कबीर पंडिताला आणि मुल्लाला एकाच दमात फटकारणारा माणूस आहे, काशीचा विणकर आहे. छत्तीसगढमधल्या धर्मदासी परंपरेचा कबीर मात्र जन्मलेलाच नाही. तो प्रकटलेला आहे. सत्ययुगात सत्सुकृत, त्रेतायुगात मुनींद्र, द्वापारात करुणामय आणि कलियुगात कबीर, अशा चार नावांनी सत्यलोकाहून जीवांना सोडवायला आलेला तो पुरुष आहे. हे दोन कबीर एकाच पंथात नांदतात. पुढच्या बहुतेक भांडणांचं बीज इथेच आहे.

काशीच्या कबीरचौरा मठाची परंपरा सुरतगोपालांपासून सांगितली जाते. तिथले महंत ब्रह्मचारी, आणि तिथला मुख्य ग्रंथ बीजक. बिहारात धनौतीला भागोदासांची शाखा आहे, तिच्याकडे बीजकाचा स्वतःचा पाठ आहे. म्हणजे बीजकालाच प्रमाण मानणाऱ्यांतही एकच बीजक नाही. छत्तीसगढची शाखा बांधोगढच्या धर्मदासांची. ते कसौंधन बनिया, सधन व्यापारी आणि आधी मूर्तिपूजक वैष्णव. कबीरांनी त्यांना भेटून सृष्टीचं रहस्य सांगितलं, असं परंपरा मानते. अनुरागसागर आणि त्याच्या कुळातले इतर ग्रंथ म्हणजे याच भेटीतला संवाद. बीजकात हा संवाद नाही. अनेक अभ्यासक धर्मदासांना कबीरांच्या बऱ्याच नंतरचे मानतात. धर्मदासी भक्त या आक्षेपानं डगमगत नाही, कारण त्याचा कबीर काळाच्या हिशेबात अडकलेला नाही, केव्हाही कोणापुढेही प्रकट होऊ शकतो. इतिहासकाराच्या आक्षेपाला उत्तर देण्याचं काम इथे अवतारकल्पनाच करते.

अनुरागसागरातली सृष्टिकथा एकदा नीट समजून घ्यायला हवी. सत्पुरुषाचे सोळा पुत्र. त्यांतला एक निरंजन, म्हणजेच काळ. त्यानं तप करून राज्य मागून घेतलं, आद्या या आदिमायेला आपल्या ताब्यात घेतलं, तिच्यापासून ब्रह्मा, विष्णू, महेश झाले आणि सगळे जीव काळाच्या जाळ्यात अडकले. वेद, तीर्थं, व्रतं, देवळं ही सारी त्या जाळ्याचीच वीण. जीवाला मूळ घराची वाट दाखवायला सत्पुरुषानं ज्ञानीला, म्हणजे कबीरांना पाठवलं. बीजकातली कर्मकांडावरची टीका इथे एका प्रचंड कथेत बसवलेली दिसते. पंडित चुकतो एवढं सांगून ही कथा थांबत नाही; तो काळाचा नकळत झालेला सेवक आहे, असं ती सांगते. गावच्या देवळात पाऊल ठेवू न दिलेल्या माणसाला या कथेनं कोणता आधार दिला असेल, हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही. ज्या व्यवस्थेनं त्याला बाहेर ठेवलं, ती व्यवस्थाच मुळात फसवी आहे आणि तो बाहेर आहे म्हणून सुटायला अधिक जवळ आहे, असं ही कथा त्याला सांगते.

या सुटकेचा विधी म्हणजे चौका. पिठानं चौकोन आखायचा, वर पांढरा चांदवा बांधायचा, महंतानं आसनावर बसायचं, आरती करायची, नारळ फोडायचा आणि पानाचा परवाना भक्ताच्या हाती द्यायचा. नवा शिष्य काडी मोडतो. काळाशी असलेलं नातं तिथे तुटतं. आनंदी, जन्मौती, चलावा आणि एकोत्तरी असे चौक्याचे प्रकार आहेत. चलावा मृत माणसासाठी. छत्तीसगढच्या खेड्यांत माणूस गेल्यावर ब्राह्मणाला न बोलावता चलावा चौका करणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. म्हणून महंत खरा की खोटा हा प्रश्न त्या घरासाठी किती जिवाचा असतो, ते ध्यानात घ्यावं लागतं. मेलेल्या बापाची वाट त्या परवान्यावर ठरते.

पहिली फूट धर्मदासांच्या घरातच पडली. धर्मदास आणि आमीन यांचा थोरला मुलगा नारायणदास यानं कबीरांना मानलं नाही. परंपरा सांगते, की कबीरांनी धर्मदासांना दाखवून दिलं: हा तुझा मुलगा म्हणजे काळाचा दूत आहे. पुढे कबीरांच्या आशीर्वादानं चूडामणी झाले, मुक्तामणी नाम या नावानं तेच पहिले वंशगुरू, आणि त्यांच्या वंशाच्या बेचाळीस पिढ्या जीवांना तारतील, असं वचन मिळालं. एका बापाच्या तोंडून आपल्याच मुलाचा त्याग करवणारी ही कथा मला फार कठीण वाटते. पण तिचा हेतू स्पष्ट आहे: रक्ताचं नातं पुरेसं नाही. आणि लगेच पुढच्याच पावलावर तीच कथा रक्ताच्या बेचाळीस पिढ्यांना अधिकार बहाल करते. या दोन वाक्यांमधली ओढाताण पंथाला कधीच सोडून गेली नाही.

अनुरागसागरात आणखी एक यादी आहे. काळ कबीरांचंच नाव घेऊन बारा खोटे पंथ चालवील, असं त्यात भाकीत आहे. त्या बारा दूतांत नारायणदास आहेत. कबीरचौऱ्याचे सुरतगोपाल आहेत, भागोदास आहेत, कमालांच्या नावचा पंथ आहे. म्हणजे ज्यांना आपण आज भावंडशाखा म्हणू, त्या सगळ्या इथे काळाच्या फौजेत उभ्या केल्या आहेत. ग्रंथाची भाषा आणि त्यातले वाद पाहता तो कबीरांच्या काळाचा नसून गाद्या वेगळ्या झाल्यावर रचला गेला असावा, असं अभ्यासक म्हणतात, आणि मला ते पटतं. भाकीत घडून गेल्यावर लिहिलेलं दिसतं. पण त्यामुळे ग्रंथ निकालात निघत नाही. फूट पडल्यावर दुखावलेल्या माणसांनी तिला अर्थ कसा दिला, हे सांगणारा तो दस्तऐवज आहे. आणि त्या यादीनं पुढच्या प्रत्येक बंडखोराच्या हाती हत्यारही दिलं. हरियाणातल्या रामपाल यांनी अनुरागसागर ज्यात येतो तो कबीरसागर हा ग्रंथसंग्रह उघडून, तेच बारा पंथ मोजून, आपला तेरावा मार्ग खरा असल्याचं सांगितलं. खोट्या पंथांची यादी एकदा लिहिली, की तिच्यात कोणाचं नाव घालायचं हे लिहिणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

मुक्तामणी नामांची गादी हसदेव नदीच्या काठी कुदुरमाळला बसली, आज ते गाव कोरबा जिल्ह्यात येतं. तिथून गादी हलत राहिली: रतनपूर, मंडला, धमधा, सिंघोडी, कवर्धा, आणि शेवटी दामाखेडा. रतनपूर मराठी वाचकाला बिंबाजी भोसल्यांमुळे ठाऊक असतं. १७५८ साली बिंबाजी तिथे राज्य करायला आले, आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा करेपर्यंत हा मुलूख भोसल्यांचा होता. नागपूर आणि विदर्भाचं छत्तीसगढशी असलेलं येण्याजाण्याचं नातं त्या काळापासूनचं आहे. रायपूरची तात्यापारासारखी मराठी वस्ती हा त्याचाच माग. मात्र पंथाचा विस्तार राजदरबारातून झाला नाही. तो पनका विणकरांच्या, तेल्यांच्या, कुर्म्यांच्या घराघरांतून झाला. १९०१ च्या जनगणनेत देशभर आठ लाखांवर लोकांनी आपण कबीरपंथी असल्याचं नोंदवलं, त्यांतले बरेचसे मध्य प्रांतातले होते. कवर्धा जिल्ह्याला आज कबीरधाम म्हणतात, यावरून या भागातलं पंथाचं बळ कळावं.

कवर्ध्याच्या गादीवर प्रकटनाम साहेबांनंतर कोण, यावरून धीरजनाम आणि उग्रनाम यांचे दोन पक्ष झाले. वारशाच्या वैधतेचा प्रश्न न्यायालयात गेला. उग्रनाम साहेबांनी दामाखेड्याला गादी मांडली. रायपूर-बिलासपूर रस्त्यावरचं, रायपूरपासून साठेक किलोमीटरवरचं हे गाव तेव्हापासून वंशगादीचं मुख्य स्थान झालं, आणि माघातली तिथली जत्रा ही छत्तीसगढमधली कबीरपंथीयांची सर्वांत मोठी जत्रा आहे.

न्यायालयात नेमकं काय झालं असेल, याचा विचार केला की एक गोष्ट उघड होते. न्यायाधीशाला जन्म तपासता येतो, विवाह तपासता येतो, दत्तकविधान तपासता येतं. सारशब्द, म्हणजे तो तारणारा गुप्त शब्द, कोणाच्या कानी आला, हे त्याला तपासता येत नाही, आणि तो शब्द साक्षीला उभा करता येत नाही. त्यामुळे गादीचा वाद कोर्टात गेला, की तो आपोआप रक्ताचा वाद होतो. पंथाच्या ग्रंथात नाम आणि वंश दोन्ही होते. वसाहतीच्या कायद्यानं वंश उचलला, कारण त्याला तेवढंच दिसत होतं. पुढच्या फुटीत 'रक्त की शब्द' हा प्रश्न इतका तीव्र का झाला, याचं एक कारण मला यात दिसतं.

ती पुढची फूट खरसियाची. उग्रनामांनंतर दयानाम साहेब गादीवर आले. त्यांना मुलगा नव्हता. दामाखेड्याच्या बाजूनं वंशातूनच वारस ठरवून परंपरा पुढे नेली. गृंधमुनी नाम साहेब आणि त्यांच्यानंतर प्रकाशमुनी नाम साहेब त्या गादीवर आले. पण पंथातल्या विरक्त साधूंच्या एका मोठ्या गटानं वेगळा विचार केला. बिंद म्हणजे बीजातून आलेला, पोटचा वंश. नाद म्हणजे शब्दातून आलेला, शिष्याचा वंश. बिंदाची धार इथे खंडित झाली, आता तारण्याचा अधिकार नादाकडे आला, असं त्यांचं म्हणणं. रायगढ जिल्ह्यातल्या खरसियाला त्यांनी नादवंशाची गादी स्थापली. तिथले आचार्य ब्रह्मचारी असतात. दोन्ही गाद्या धर्मदासांना मानतात, अनुरागसागर मानतात, बेचाळीस पिढ्यांचं वचन मानतात. आणि दोन्ही बाजू त्याच ग्रंथातून आपापला पुरावा काढतात. त्या ग्रंथात बिंदाला अधिकार आहे, बिंदाला अहंकाराबद्दल ताकीद आहे, आणि नादाची थोरवीही आहे. सगळंच आहे.

वंशाच्या बाजूचं म्हणणं मी हलकं मानत नाही. संसारी गुरू संसारी माणसाला आपला वाटतो. तोही लग्न करतो, त्याच्याही घरी पोरं असतात, आणि मोक्षासाठी घर सोडावं लागत नाही हे त्याच्या जगण्यातून दिसतं. कबीर स्वतः हातमागावर बसत, भीक मागत नसत, हे त्या परंपरेचं बळ आहे. शिवाय वंश ठरलेला असला, की प्रत्येक पिढीत कोणीतरी उठून 'शब्द माझ्याजवळ आहे' म्हणण्याची सोय राहत नाही. नादाच्या बाजूचं म्हणणंही तितकंच जड आहे. जन्मावरून मोठेपण ठरवणाऱ्यांना ज्या कबीरांनी आयुष्यभर झोडपलं, त्यांच्याच गादीवर जन्मावरून माणूस बसवायचा, हे विरक्तांना पटणं अवघडच होतं. मला स्वतःला इथे नादाची बाजू अधिक कबीरांच्या जवळची वाटते. मात्र नादवंशानंही नाव 'वंश' हेच ठेवलं, पिढ्या मोजणं सोडलं नाही, आणि परवाना देण्याचा हक्क आपल्याच आचार्याकडे ठेवला. प्रश्न रक्ताचा असो की शब्दाचा, किल्ली एकाच हातात असावी, याबद्दल दोघांचं एकमत होतं.

ते एकमत मोडलं पारखी मतानं. या मताचं मोठं ठाणं बुऱ्हाणपूर, म्हणजे खानदेशच्या उंबरठ्यावर. गयेच्या कबीरबागेतले रामरहसदास यांच्या पंचग्रंथीनं त्याची बैठक तयार केली आणि बुऱ्हाणपूरच्या पूरण साहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बीजकावर 'त्रिज्या' ही टीका लिहून ते मत पूर्ण उभं केलं. जीव अनादी आहेत, अनेक आहेत, त्यांना कोणी निर्माण केलेलं नाही. जगाचा कर्ता म्हणून कोणी ईश्वर नाही. सत्यलोक, सत्पुरुष, अवतार या माणसाच्या कल्पना आहेत, आणि कल्पनेची उपासना हेच बंधन आहे. कबीर हे पारख करायला शिकवणारे सद्गुरू, माणूसच. मग बेचाळीस पिढ्या, चौका, परवाना यांना जागाच उरत नाही. खरसियानं किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात दिली. बुऱ्हाणपूरनं दाराला कुलूप नव्हतंच असं सांगितलं.

त्याच सुमारास रीव्याचे महाराज विश्वनाथसिंह यांनीही बीजकावर टीका लिहिली, 'पाखंडखंडिनी' नावाची. त्यांना त्याच बीजकात साकेतवासी रामाची सगुण भक्ती दिसली. रीवा म्हणजे धर्मदासांच्या बांधोगढचंच राज्य. एका पुस्तकातून एक राजा सगुण राम काढतो आणि एक साधू कर्त्याशिवायचं जग काढतो. बीजकाची भाषा अशी आहे की दोघांनाही तिच्यात आधार सापडतो. उलटवाणी, कोडी, अर्धवट सोडलेली वाक्यं, आणि विचारणाऱ्याला तोंडावर पाडणारे प्रश्न. पारखी टीकेत मला सर्वांत जास्त धाडस दिसतं, आणि एक उणीवही. ती कोड्यांना सरळ विधानं करून टाकते. बीजकातली जी अस्वस्थता आहे, ती त्रिज्येत शांत होऊन जाते. तरी पुढच्या काळात अलाहाबादच्या कबीर पारख संस्थानच्या अभिलाषदासांनी सोप्या हिंदीत जे लिहिलं, त्यामुळे हे मत छत्तीसगढच्या शिकलेल्या तरुणांपर्यंत पोचलं, आणि महंताला प्रश्न विचारणं हा अपराध राहिला नाही. ही मोठी गोष्ट आहे.

फुटींना वेगळं वळण दिलं ते छापखान्यानं, आणि तो छापखाना मुंबईतला. खेमराज श्रीकृष्णदासांच्या व्यंकटेश्वर प्रेसमधून स्वामी युगलानंद यांनी कबीरसागराचे खंड संपादित करून काढले. त्यांच्यासमोर अनुरागसागराच्या अनेक हस्तलिखित प्रती होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. वेगवेगळ्या गाद्यांच्या प्रतींत आपापल्या गादीला सोयीचे चरण होते. तोवर हे ग्रंथ महंतांच्या पेटीत, लाल कापडात गुंडाळलेले असत. छापून आल्यावर काळाचं रहस्य, बारा दूतांची नावं, बेचाळीस पिढ्यांचं वचन हे सगळं बाजारात विकत मिळू लागलं. ज्याला दीक्षा नाही तोही वाचू लागला. शब्द गुप्त होता तोवर भांडण 'कोणी सांगितलं' याचं होतं. आता ते 'कोणत्या आवृत्तीत काय लिहिलंय' याचं झालं. हा बदल मला चांगला वाटतो. कानातल्या शब्दावर वाद घालता येत नाही, पानावरच्या शब्दावर येतो.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. महानुभाव पंथात चक्रधरांनंतर नागदेवाचार्यांनी सगळ्यांना एकत्र बांधून ठेवलं. त्यांच्यानंतर आचार्यांचे वेगवेगळे आम्नाय झाले, परंपरेत तेरा मोजतात, आणि आज त्यांतले कवीश्वर आणि उपाध्ये हे दोन प्रमुख. दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, साधूंनी ती आठवणीतून पुन्हा सिद्ध केली, आणि आठवण प्रत्येकाची वेगळी म्हणून पाठ अनेक झाले. मग पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत गेल्या, बाहेरच्याच्या हाती लागू नयेत म्हणून. सहाशे वर्षांनी संशोधकांनी लिप्या उलगडल्या. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली लीळाचरित्राची संपादित आवृत्ती काढली, तेव्हा पंथातून तीव्र आक्षेप आले आणि तिची विक्री थांबवावी लागली. कबीरपंथाशी तुलना करताना एक फरक लक्षात येतो. महानुभावांनी गादी रक्तावर ठेवलीच नाही, संन्यास घेतलेल्यांवर ठेवली. तरी फूट टळली नाही. म्हणजे दामाखेड्याच्या वादाचं सगळं खापर वंशपरंपरेवर फोडता येत नाही. गुप्ततेच्या पोटी फूट असतेच, वारसाची पद्धत तिला फक्त आकार देते.

हेच इतरत्रही दिसतं. आग्र्याच्या राधास्वामी सत्संगानं सत्यलोक आणि काळ यांची भाषा याच अनुरागसागराच्या घराण्यातून घेतली. संस्थापक शिवदयालसिंह १८७८ साली गेले. आग्र्यात आणि बियासला वेगळ्या गाद्या झाल्या, पुढे दयालबाग उभं राहिलं, आणि आग्र्याच्याच स्वामीबागेशी दयालबागचा दावा १९३५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. तिथेही मुख्य प्रश्न हाच, की गेलेल्या गुरूची धार आता कोणात वाहते आहे. थिऑसॉफीत अदृश्य महात्म्यांची पत्रं खरी कोणाला येतात यावरून १८९५ साली अमेरिकन शाखा वेगळी झाली. थिऑसॉफिस्टांनी आपल्यासाठी उभारलेला संघच १९२९ साली कृष्णमूर्तींनी बरखास्त केला. पारखी मताशी त्यांचं नातं मला जवळचं वाटतं: अधिकार काढून घेणारा दुसरा अधिकारी न नेमता, अधिकार ही गोष्टच नाकारायची. आणि दोन्हीकडे पुढे त्या नकाराचीही संस्था झाली.

छत्तीसगढकडे परत येताना एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण सिद्धांतांच्या चर्चेत ती नेहमी मागे पडते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात पनका हे कबीरपंथामुळे गांडा जातीतून वेगळे झाल्याचं नोंदवलं आहे. पंथानं त्यांना नवं नाव दिलं, मानिकपुरी म्हणून प्रतिष्ठा दिली, दारू-मांस सोडायला लावलं. पण एकाच गुरूची कंठी घातलेले कुर्मी आणि तेली त्यांच्या पंगतीला बसत होते का? बऱ्याच ठिकाणी नव्हते. बिंद आणि नाद यांवर ग्रंथ लिहिले गेले, या पंगतीवर लिहिले गेले नाहीत. गुरू घासीदासांचा सतनाम पंथ याच मातीत उभा राहिला तो जातीच्या प्रश्नाला थेट भिडून, आणि त्यातही पुढे गुरुघराण्यात गाद्या वाटल्या गेल्या. कबीरपंथात कोणती फूट मोठी, असं मला विचारलं, तर मी दामाखेडा-खरसियापेक्षा या न बोललेल्या फुटीचं नाव घेईन. पहिली फूट निदान दोघांनी मान्य केली, तिच्यासाठी युक्तिवाद मांडले. दुसरीला सिद्धांतच नाही, म्हणून तिच्यावर वादही होत नाही.

मतभेदांनी पंथ खिळखिळा झाला, हे म्हणणंही तपासून घ्यावं लागतं. प्रत्येक फुटीनंतर कोणाला तरी नवी जागा मिळाली. वंशगादी संसारी शेतकऱ्याची झाली, नादगादी विरक्ताची, पारखी आश्रम प्रश्न विचारणाऱ्याचा. काशीचा मठ बीजकाचा राखणदार राहिला. एकाच मठाच्या छपराखाली हे चौघे राहिले असते, तर दोघे तरी गप्प बसले असते. नुकसान झालं ते दुसरीकडे: एका शाखेचा माणूस दुसऱ्या शाखेचा ग्रंथ वाचत नाही. अनुरागसागर न वाचता पारखी त्याला भाकडकथा म्हणतो. त्रिज्या न उघडता वंशभक्त तिला नास्तिकपणा म्हणतो. काळाच्या कथेत शोषितांचा केवढा संताप साठलेला आहे, हे पहिल्याला कळत नाही. आपल्या घरातल्या कर्मकांडावर कबीर काय बोलले असते, हा प्रश्न दुसऱ्याला पडत नाही.

म्हणून आता काम आहे ते पोथ्यांचं. कुदुरमाळ, धमधा, कवर्धा, दामाखेडा, खरसिया आणि बुऱ्हाणपूर इथल्या प्रती एकत्र ठेवून, कोणता चरण कोणत्या गादीच्या प्रतीत आहे आणि कोणत्या नाही, हे दाखवणारी अनुरागसागराची आवृत्ती हवी. पाठभेदांतून फुटींचा इतिहास जितका खरा बाहेर येईल, तितका दोन्ही बाजूंच्या प्रवचनांतून येणार नाही. लीळाचरित्राच्या पाठांवर ज्यांनी आयुष्यं घातली, त्या मराठी संशोधकांची पद्धत इथे थेट उपयोगी पडेल. महानुभाव पंथीयांशी झालेल्या वादातून मिळालेला धडाही उपयोगी पडेल: पंथाच्या माणसांना सुरुवातीपासून बरोबर घ्यायचं, पोथी त्यांच्या डोळ्यांसमोर उघडायची. नागपूर आणि रायपूर ही दोन विद्यापीठं मिळून हे करू शकतात. मुंबई-हावडा मार्गावरची गाडी त्यांना काही तासांत जोडते.

प्रकाशमुनी नाम साहेब हे दामाखेड्याच्या गादीचे पंधरावे वंशगुरू. त्यांच्यानंतर बेचाळिसांतले सत्तावीस यायचे, असा त्या परंपरेचा हिशेब. खरसियाचा हिशेब वेगळा, आणि बुऱ्हाणपूर मोजतच नाही.